पीसीचं कार्ड, मॅकचा रॉम: अमळनेरच्या छापखान्यातलं एक प्रकरण

अमळनेरच्या एका छापखान्यात अॅपलचा २००१ सालचा पॉवर मॅक जी४ संगणक अजून कामावर आहे. 'क्विकसिल्व्हर' नावाने ओळखलं जाणारं मॉडेल, ८६७ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, मॅक ओएस ९, आणि पडद्यावर चित्र पाठवणारं मूळ ग्राफिक्स कार्ड एनव्हिडियाचं जीफोर्स २ एमएक्स, ३२ एमबीचं. ऐन मे महिन्यात त्याचा पडदा काळा पडला. यंत्र सुरू झाल्याची 'बाँग' ऐकू यायची, पंखा फिरायचा, हार्ड डिस्क कुरकुरायची, पण मॉनिटरला सिग्नल नाही. तिथे शेवटी पीसीसाठी बनलेलं एक रेडिऑन ७००० कार्ड बसलं. ते कसं बसलं आणि मधे काय अडलं, त्याचं हे टिपण. माझं काम जळगावात चिप लेव्हल दुरुस्तीचं. लॅपटॉपचे मदरबोर्ड आणि इन्व्हर्टर रोज येतात, जुना मॅक क्वचित.

पहिला प्रश्न कोणीही विचारेल: एवढ्या जुन्या यंत्रामागे कशाला लागायचं? नवीन पीसी घ्या, मोकळे व्हा. मीही छापखान्याचे मालक आबांना हेच सुचवलं होतं. पण आबांकडे २००३ साली छापलेलं अहिराणी गाण्यांचं एक पुस्तक होतं. कानबाईची गाणी, लग्नातली गाणी, जात्यावरच्या ओव्या. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशात घरोघरी कानबाई बसते, आणि त्याआधी त्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती काढायची होती. मूळ पानं क्वार्कएक्स्प्रेस या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये लावलेली आणि अक्षरं युनिकोडपूर्व काळातल्या मॅकच्या फाँटमध्ये.

या फाँटची एक खोड आहे. मॅकवरचे त्या काळातले पोस्टस्क्रिप्ट फाँट आपला खरा मजकूर फाइलच्या 'रिसोर्स फोर्क' नावाच्या भागात ठेवतात. अशी फाइल साध्या पेनड्राइव्हवरून विंडोजमध्ये नेली की तो भाग वाटेत गळतो आणि उरते शून्य बाइटची फाइल. छापखान्यात पान लावणाऱ्या ताईंनी हे आधीच अनुभवलं होतं. पीसीवर नेलेल्या पानांत अक्षरांच्या जागी इंग्रजी चिन्हांची खिचडी दिसायची. इम्युलेटरचा, म्हणजे नव्या संगणकावर जुन्या मॅकचं सोंग घेणाऱ्या सॉफ्टवेअरचाही विचार झाला. पण फाँटबरोबर आलेलं किबोर्डचं सॉफ्टवेअर हार्डवेअर लॉकवर, म्हणजे संगणकाला जोडायच्या एका छोट्या किल्लीवर चालतं आणि तो लॉक इम्युलेटरला दिसेना. उरला एकच मार्ग, सगळं पुन्हा टाइप करणं. प्रमाण मराठीचं पुस्तक असतं तर तेही केलं असतं. अहिराणीचं शुद्धलेखन जो तो आपल्या कानाने लिहितो. ज्यांनी ती गाणी गोळा केली आणि मुद्रितं तपासली, ते आता हयात नाहीत. नव्याने टाइप केलेलं कोण तपासणार?

आबांचा फोन आला तेव्हाच निम्मं निदान त्यांनी सांगून टाकलं होतं. "पडदा वर काहीच दिसत नही भो, आवाज ते येस."

"आबा, आवाज येतोय म्हणजे बोर्ड जिवंत आहे. ताईंना सांगा, कंट्रोल आणि इजेक्ट एकदम दाबा, मग रिटर्न. बंद होतंय का बघा."

झालं. त्या दोन बटणांनी बंद करायचं की पुन्हा सुरू करायचं हे विचारणारी चौकट येते आणि रिटर्न म्हणजे 'बंद कर'. काहीच दिसत नसताना यंत्र नीट बंद होत असेल, तर प्रोसेसर, रॅम, डिस्क आणि ओएस जागच्या जागी आहेत आणि बिघाड चित्राच्या वाटेवर आहे. अशा वेळी कोणी सगळे रॅम काढून घालायला लागलं की मला वैताग येतो. यंत्र स्वतः काय सांगतंय ते आधी ऐकून घ्यावं. बोर्डावरची ३.६ व्होल्टची अर्ध्या लांबीची लिथियम बॅटरी उतरली की जुने मॅक कधीकधी पडदा न देता रुसतात, म्हणून ती मोजली. उतरलेली होती. बदलली, बोर्डावरचं रीसेटचं बटण दाबलं. फरक पडला नाही.

मग कार्ड बाहेर काढलं. कपॅसिटर फुगलेले नव्हते, व्होल्टेज जागेवर होते. चिपला हॉट एअरची हलकी ऊब दिली तर चित्र आलं आणि संध्याकाळपर्यंत टिकलंही. पुन्हा थंड होऊन गरम झालं की गेलं. चिपखालच्या सोल्डरच्या गोळ्यांना तडा गेल्याची ही खूण. जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो, छापखान्याला पत्र्याचं छप्पर. दिवसा तापायचं, रात्री निवायचं, असं वीस वर्षं चाललेलं. गरम करून जिवंत केलेलं कार्ड गिऱ्हाइकाला परत देणं मला पटत नाही. ते चार दिवसांत पुन्हा दारात येतं आणि दुकानाचं नाव जातं. चिप उपटून गोळे नव्याने घालता आले असते, पण इतक्या जुन्या चिपवर तो खर्च करून हमी काय द्यायची?

पाच-सहा तास पडदा जिवंत असताना एक काम मात्र उरकलं. ताईंनी सगळा फाँट फोल्डर आणि पुस्तकाची पानं स्टफइट या फाइलींचं गाठोडं बांधणाऱ्या मॅकच्या सॉफ्टवेअरमध्ये बांधून ठेवली. स्टफइटच्या गाठोड्यात रिसोर्स फोर्क शाबूत राहतो. कार्डाचं पुढे काहीही झालं असतं, तरी मजकूर हातचा गेला नसता.

आता मूळ प्रश्न. पीसीचं एखादं जुनं कार्ड सरळ मॅकच्या स्लॉटमध्ये घातलं तर का चालत नाही? स्लॉट तोच, चिप तीच, जोडण्या त्याच. फरक कार्डावरच्या आठ पायांच्या एका छोट्या फ्लॅश चिपमध्ये असतो.

संगणक सुरू होताना ओएस अजून आलेली नसते. त्या वेळी कार्डाला जागं करणारा कार्यक्रम कार्डावरच्याच रॉममध्ये, म्हणजे त्या फ्लॅश चिपमध्ये असतो. पीसीच्या कार्डात तो इंटेलच्या एक्स८६ प्रोसेसरच्या भाषेत लिहिलेला असतो. पॉवर मॅकमध्ये पॉवरपीसी प्रोसेसर आहे आणि सुरुवातीचा कारभार 'ओपन फर्मवेअर' बघतं. ही सन कंपनीच्या संगणकांवरून आलेली पद्धत १९९४ मध्ये आयईईई १२७५ या क्रमांकाने प्रमाणित झाली. ती फोर्थ भाषेच्या आटोपशीर संकेतांत, म्हणजे एफकोडमध्ये लिहिलेला कार्यक्रम मागते. पीसीचं कार्ड तिच्यासमोर आलं की ते आहे एवढं तिला कळतं, पण त्याच्याशी बोलायचं कसं ते कळत नाही.

रॉमची फाइल हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे फाइलमधले बाइट आकड्यांत दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली की हा फरक डोळ्यांना दिसतो. दोन्हीकडे सुरुवात ५५ एए या दोन बाइटनी होते, कारण पीसीआयचा, म्हणजे संगणकात कार्डं जोडायच्या पद्धतीचा नियमच तसा आहे. थोडं पुढे 'पीसीआयआर' अशी चार अक्षरं आणि त्यापासून ठरावीक अंतरावर एक बाइट असतो: ०० असेल तर एक्स८६चा कार्यक्रम, ०१ असेल तर ओपन फर्मवेअरचा. एटीआयच्या पीसी कार्डांत सुरुवातीलाच '७६१२९५५२०' असा आकडा मजकूर म्हणून बसलेला असतो. ती त्या कंपनीची सही. भंगारातलं कार्ड खरंच एटीआयच्या चिपचं आहे का, हे खात्रीने सांगायला तो आकडा उपयोगी पडतो, कारण वरचं स्टिकर कोणीही चिकटवतं.

मॅकच्या रॉममध्ये आणखी एक गोष्ट कोंबलेली असते, ओएससाठीचा प्राथमिक ड्रायव्हर. त्यामुळे कुठलीही सीडी न लावता मॅकमध्ये पहिल्या क्षणापासून चित्र येतं आणि त्यामुळेच ही रॉम फाइल जाडजूड होते. रेडिऑन ७०००च्या मॅक आवृत्तीचा रॉम १२८ केबीचा, १,३१,०७२ बाइटचा. त्याच चिपच्या पीसी कार्डावर सहसा ६४ केबीची फ्लॅश असते, कारण पीसीला तेवढी पुरते. म्हणजे नुसतं सॉफ्टवेअर भरून भागत नाही, चिपच बदलावी लागते.

कार्ड निवडताना आधी एजीपीकडेच, म्हणजे फक्त ग्राफिक्स कार्डासाठी असलेल्या वेगवान स्लॉटकडेच नजर गेली, कारण मेलेलं कार्ड एजीपीचं होतं. जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये जुन्या सामानाचे खोके चाळले तर हाताला सगळ्यांत जास्त लागतं ते जीफोर्स एफएक्स ५२००. पण त्याला ओएस ९चा ड्रायव्हर नाही, आणि आपलं सगळं काम ओएस ९मध्ये. शिवाय एजीपी ८एक्सची, म्हणजे एजीपीच्या नंतरच्या, आणखी वेगवान प्रकाराची कार्डं या मॅकमध्ये तशीच बसवली तर यंत्र सुरूच होत नाही. ३ आणि ११ क्रमांकाच्या संपर्कपट्ट्यांवर कार्ड आणि बोर्ड एकमेकांचा '८एक्स आहेस का' हा संकेत तपासतात, आणि अॅपलच्या जुन्या बोर्डावर त्या जागांचा वापर वेगळा आहे. हौशी मंडळी त्या दोन पट्ट्यांवर टेप लावून काम भागवतात. चालतं. पण मे महिन्यात चिकटपट्टीचा गोंद विरघळून स्लॉटमध्ये उतरला तर काय, या विचाराने मी तो नाद सोडला.

क्विकसिल्व्हरमध्ये एजीपीखेरीज चार पीसीआय स्लॉट आहेत. पीसीआयचा वेग कमी, सेकंदाला १३३ एमबीच्या आसपास. एजीपी ४एक्सचा हजाराच्या वर. खेळ खेळायचे असते तर हा फरक जाणवला असता. ताईंना १२८० बाय १०२४च्या पडद्यावर क्वार्कची पानं वरखाली करायची आहेत. त्याला पीसीआय पुरून उरतं. रेडिऑन ७०००ची पीसीआय मॅक आवृत्ती ओएस ९ आणि ओएस टेन दोन्हींवर चालणारी म्हणून एटीआयने स्वतःच विकली होती, त्यामुळे ड्रायव्हरची चिंता नव्हती. तिथे ठरलं.

पीसीआयचं रेडिऑन ७००० कुठे शोधायचं, हे सांगण्यासारखं आहे. एजीपीवालं मुबलक मिळतं, पीसीआयवालं कमी. इंटेलच्या ८१० किंवा ८४५जीएल चिपसेटच्या स्वस्त बोर्डांवर एजीपी स्लॉट नसायचा. अशा सेलेरॉनवाल्या यंत्रांत कोणाला जरा बरं चित्र हवं असेल तर पीसीआय कार्डच घालावं लागायचं. तेव्हा बंद पडलेले सायबर कॅफे, कॉम्प्युटर क्लासेस, तालुक्याच्या गावातल्या फोटो स्टुडिओंचे माळे. गोलाणीतल्या एका भंगारवाल्याकडे दोन सापडली, दीडशे रुपयांना एक.

त्यातलं एक दुकानातच बाजूला ठेवलं. त्याच्या मेमरी चिपांवर एचवाय५७व्ही अशी सुरुवात होती. ही हायनिक्सची साधी एसडीआर मेमरी. दुसऱ्यावर एचवाय५डीयू, म्हणजे डीडीआर, एसडीआरनंतरची वेगवान मेमरी. सॅमसंगच्या चिपा असतील तर के४एस म्हणजे एसडीआर, के४डी किंवा के४एच म्हणजे डीडीआर. मॅक आवृत्तीचं कार्ड डीडीआरचं आहे आणि त्याचा रॉम मेमरी डीडीआर आहे असं धरूनच तिला जागं करतो. एसडीआरच्या कार्डाला तो रॉम देऊन उपयोग नाही. दुकानदार मात्र "दोन्ही सेम आहेत साहेब" म्हणून ठाम होता. डब्यावरच्या नावापुरतं त्याचं बरोबरच होतं.

रॉम कुठून आणायचा, हा यातला नाजूक भाग. तो कंपनीचा कार्यक्रम आहे, कोणीही कुठूनही उचलावा अशी वस्तू नाही. नाशिकच्या एका ओळखीच्या छापखान्याकडे खरी मॅक आवृत्ती होती, यंत्र गेलेलं, कार्ड कपाटात पडलेलं. त्यांनी ते वापरायला दिलं. खरं तर तेच कार्ड आबांच्या यंत्रात बसवून प्रकरण संपलं असतं, पण त्यांना ते सुटा भाग म्हणून परत हवं होतं. मी रॉम वाचून घेतला, या एका यंत्रापुरता वापरला, पुढे कोणाला दिलेला नाही.

वाचायला सीएच३४१ए हा चिप वाचणारा-भरणारा स्वस्त प्रोग्रॅमर आणि आठ पायांना चावणारी क्लिप. हा प्रोग्रॅमर घेणाऱ्यांना एक सूचना. काळ्या रंगाच्या जुन्या बोर्डांत चिपला वीज ३.३ व्होल्टची मिळते, पण डेटाच्या तारांवर ५ व्होल्ट येतात. ३.३ व्होल्टच्या चिपा ते सहन करतात, करतात आणि एखाद दिवशी करत नाहीत. दुसऱ्याची अमानत वाचताना तरी असा खेळ करू नये. ज्यात हा दोष काढून टाकला आहे तोच बोर्ड वापरावा. फाइल दोनदा वाचायची आणि दोन्ही प्रती बाइट-बाइट जुळवायच्या, कारण क्लिप किंचित हलली तरी मधलाच एखादा तुकडा चुकीचा येतो आणि बाकी सगळं शहाण्यासारखं दिसतं.

आता चिप. पीसी कार्डावर एसटी या चिप कंपनीची एम२५पी०५ होती, ५१२ किलोबिटची, म्हणजे ६४ केबी. तिच्या जागी एक मेगाबिटची हवी. एम२५पी१० किंवा त्याच २५ मालिकेतली दुसऱ्या कंपनीची चिप चालते. पाय सारखे, वाचण्याची आज्ञा सारखी. फक्त अंग १५० मिलचं (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) हवं, २०८ मिलची रुंद चिप त्या पॅडवर बसत नाही. यासाठी नवीन मागवायची गरज पडत नाही. जुन्या एलसीडी मॉनिटरच्या आतल्या बोर्डावर बहुतेकदा नेमकी अशीच एक मेगाबिटची चिप असते, आणि फुटलेल्या पॅनलचे मॉनिटर माझ्या माळ्यावर रचून ठेवलेले आहेत.

काही हौशी लोकांनी मॅकचा रॉम छाटून ६४ केबीत बसवला आहे, म्हणजे चिप बदलायला नको. खेळण्यासाठी ठीक. पण काय छाटलं, कोणी छाटलं आणि उद्या कुठल्या रिझोल्यूशनला ते नडेल, याचं उत्तर आपल्याकडे नसेल तर असा रॉम कमाईच्या यंत्रात घालू नये, असं माझं मत. सोल्डरिंगचं काम दहा मिनिटांचं आहे. ते चुकवण्यासाठी अर्धवट रॉम कशाला?

चिप बसवण्याआधी कार्ड होतं तसंच मॅकमध्ये घालून एक बघून घेतलं. पडदा नसला तरी ओपन फर्मवेअरशी बोलता येतं, हे फार जणांना माहीत नसतं. सुरू करताना कमांड, ऑप्शन, ओ आणि एफ ही चार बटणं दाबून धरायची, मग न बघता एक ओळ टाइप करायची, आणि यंत्र नेटवर्कच्या तारेवरून टेलनेटने, म्हणजे दुसऱ्या संगणकावरून आज्ञा टाइप करण्याच्या सोयीने हजर होतं. लॅपटॉपवरून त्याची उपकरणांची यादी मागवली. मेलेलं जीफोर्स यादीत 'एनव्हीडीए' या नावाने दिमाखात होतं. म्हणजे त्याचा रॉम आणि बोर्डाशी होणारं बोलणं शाबूत होतं, चित्र तेवढं बाहेर पडत नव्हतं. नवं कार्ड मात्र 'पीसीआय१००२,५१५९' एवढंच दिसलं. १००२ हा एटीआयचा क्रमांक, ५१५९ हा रेडिऑन ७०००च्या चिपचा. नाव नाही, नुसते आकडे. रॉममध्ये एफकोड नसलेल्या कार्डाला ओपन फर्मवेअर असंच हाक मारतं. कार्ड जिवंत आहे आणि स्लॉटही ठीक आहे, एवढं त्यातून कळलं.

चिप काढली, पॅड साफ केले, मॅकचा रॉम भरलेली चिप बसवली, जीफोर्स बाहेर ठेवलं. यंत्र सुरू केलं तर राखाडी पडदा आणि हसरा मॅक. यादीत आता नाव 'एटीवाय'पासून सुरू होत होतं. ताईंनी क्वार्क उघडून कानबाईचं पहिलं गाणं पडद्यावर आणलं. आबा खुर्ची ओढून बसले आणि वाचायला लागले, मोठ्याने, चष्मा न लावता. त्यांना ते पाठच होतं.

इथे बहुतेक जण थांबतात. चित्र आलं, काम झालं. पण क्विकसिल्व्हरची बाजूची भिंत मदरबोर्डासकट दारासारखी खाली उघडते, आणि आम्ही ती उघडी ठेवूनच बघत होतो. दार लावून, पत्र्याखाली, दुपारी दोन वाजता काय होतं ते बघायचं बाकी होतं. पूर्ण पडदाभर एका रंगाची पार्श्वभूमी लावून ठेवली. मेमरीचे दोष पानाच्या मजकुरात लपतात, सपाट रंगावर लपत नाहीत. दीड-दोन तासांनी निळ्या पार्श्वभूमीवर पांढरे ठिपके उमटायला लागले, पावसाळ्यात भिंतीला बुरशी धरते तसे, आधी एका कोपऱ्यात आणि मग सगळीकडे. दार उघडून टेबलफॅन लावला की गायब. दार लावलं की पुन्हा हजर.

ताईंना वाटलं सोल्डरिंग कच्चं राहिलं. तसं असतं तर रॉम वाचतानाच अडलं असतं आणि चित्र आलंच नसतं. सुरू झाल्यावर रॉमच्या चिपचं काम जवळपास संपलेलं असतं. ठिपके मेमरीतून येत होते.

कारण मेमरी चिपांच्या नावाच्या शेपटात छापलेलं होतं. नाशिकच्या मूळ कार्डावर शेवटी ५ होता, आमच्या कार्डावर ६. हे नॅनोसेकंद. ५ म्हणजे २०० मेगाहर्ट्झपर्यंत धावण्याची हमी, ६ म्हणजे १६६ पर्यंत. रॉममध्ये मेमरीचा वेग आणि तिच्या वेळा लिहिलेल्या असतात, आणि त्या मूळ कार्डाच्या वेगवान चिपांना बेतून लिहिलेल्या होत्या. पीसीच्या स्वस्त कार्डवाल्याने हळू चिपा लावल्या, पण त्याच्या मूळ पीसी रॉममध्ये वेगही कमी ठेवला होता. तो रॉम आम्ही काढून टाकला आणि त्याबरोबर ती सवलतही गेली. सकाळच्या गारव्यात चिपा कशाबशा धावतात, दुपारी दम सोडतात.

या सगळ्या प्रकारातली मुख्य गोष्ट मला वाटते ती हीच. लोक या कामाला फ्लॅशिंगचं किंवा सोल्डरिंगचं काम समजतात. रॉम म्हणजे निव्वळ 'मॅकचा कार्यक्रम' नव्हे. एका ठरावीक बोर्डाचं, त्याच्या मेमरीचं, तिच्या वेगाचं, मागच्या जोडण्यांचं ते वर्णन असतं. चिपचं नाव जुळलं म्हणून तो रॉम दुसऱ्या बोर्डाला लागू पडेलच असं नाही. रॉम तयार मिळालेला असेल तर त्याला साजेसा बोर्ड शोधावा.

उलट वाटही आहे. फाइलमधले वेगाचे आकडे शोधून कमी करायचे आणि फाइल शाबूत आहे का हे ठरवणारी बाइटांच्या बेरजेची तपासणी पुन्हा जुळवायची. हे लोकांनी केलेलं आहे. पण आकडा सापडला असं वाटणं आणि तो तोच असणं यात फरक असतो, आणि चुकीचा बाइट बदलला गेला तर त्याचा परिणाम कुठे दिसेल सांगता येत नाही. हातात वेळ कमी असताना मी कार्ड बदलणं पसंत केलं.

तिसरं कार्ड धुळ्याच्या एका बंद पडलेल्या सायबर कॅफेच्या सेलेरॉन यंत्रातून निघालं. डीडीआर, शेपटात ५, मागे व्हीजीए, डीव्हीआय आणि एस-व्हिडिओ या तिन्ही जोडण्या, मॅक आवृत्तीसारख्याच. दुसऱ्या कार्डावर बसवलेली तीच रॉमची चिप उपटून यावर लावली. मुद्दाम तीच, म्हणजे फरक पडला तर तो कार्डाचा, रॉमचा नाही, हे उघड व्हावं. दार बंद, पंखा बंद, निळा पडदा, दुपारभर. एकही ठिपका नाही. दुसऱ्या दिवशी ताईंनी दिवसभर पानं लावली. तरी काही नाही. चिपवरच्या छोट्या हीटसिंकखालची वाळलेली पेस्ट खरवडून नवी लावली, तेवढी आपली खबरदारी.

"ते कानबाईना आगोदर व्हई का, तेवढं सांग," आबा रोज विचारत होते. झालं. पानांची पीडीएफ मॅकवरच बनवली, फाँट आत गुंफून. म्हणजे पुढे प्लेट बनवणाऱ्याकडे कुठलाही संगणक असो, अक्षर हलणार नाही. अहिराणीच्या एकाही शब्दाला हात लागला नाही.

खर्चाचं म्हणाल तर कार्डं, एक बॅटरी आणि माझी मजुरी धरूनही एका साध्या नव्या मॉनिटरच्या किमतीच्या आत. माळ्यावरच्या मॉनिटरमधली चिप फुकट. खरा खर्च शोधाशोधीचा, आणि तो बिलात लावता येत नाही. आबांनी तो ओळखून बिलावर केळीची एक फणी ठेवली. आमच्या भागात ही रीत आहे.

हार्ड डिस्कची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर उतरवून ठेवली आहे. २००१चं क्विकसिल्व्हर आपल्या आयडीई, म्हणजे हार्ड डिस्कच्या जुन्या पद्धतीच्या तारेवर १२८ जीबीपेक्षा मोठी डिस्क पूर्ण ओळखत नाही, म्हणून ८० जीबीची जुनी डिस्क शोधून लावली. ठिपके देणारं कार्ड पांढऱ्या कागदात गुंडाळून, 'फक्त हिवाळ्यात' असं लिहून आबांच्या कपाटात ठेवलं आहे. हे ताईंचं लिखाण. त्याला रॉमची चिप नाही, ती लावल्याशिवाय ते हिवाळ्यातही चालणार नाही, हे कागदाच्या मागच्या बाजूला मी लिहिलं.

एक उणीव राहिली आहे. यंत्र झोपवलं तर कधीकधी उठताना पडदा परत येत नाही. बदललेल्या कार्डांत हा त्रास नेहमीचा आहे. एनर्जी सेव्हरमध्ये झोप बंद केली आहे, आणि ताई जेवायला जाताना मॉनिटरचंच बटण बंद करतात. डीव्हीआयची जोडणी तपासायची राहिली, कारण छापखान्यात तसा मॉनिटर नाही.